आकड्यांचा पेशा

हल्ली दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या शिक्षकांपुढे एक नवा प्रश्न येऊन उभा राहतो. पूर्वी मुले विचारीत, मास्तर व्हावे की तलाठी, डॉक्टर व्हावे की इंजिनिअर? आता विचारतात, "गुरुजी, डेटा सायन्स म्हणजे काय हो? त्यात नोकरी मिळते का? आपल्यासारख्याला ते जमेल का?" प्रश्न रास्त आहे. बँका, विमा कंपन्या, दवाखाने, बाजारपेठा, सरकारी खाती या सर्वांपाशी आज आकड्यांचे ढीग साचले आहेत, आणि त्या ढिगातून अर्थ काढणारी माणसे सर्वांना हवी आहेत.

परंतु श्रोतेहो, या पेशाचे नाव नवे असले तरी पेशा नवा नाही. तो संगणकाबरोबर जन्मला असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशात त्याचे बाळपण बरेचसे शेताच्या बांधावर गेले आहे. कोणाच्या शेतात किती पिकले, हा साधा प्रश्न खरेपणाने सोडवता सोडवता आपल्याकडे ही विद्या वाढली. ती हकिकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे. जो मुलगा किंवा जी मुलगी या वाटेने जाऊ पाहते, तिने संगणकापुढे बसण्याआधी ही हकिकत ऐकलेली बरी. कारण या पेशातला पहिला धडा तिच्यात आहे.

वडीलधाऱ्या मंडळींना 'आणेवारी' हा शब्द चांगला ठाऊक आहे. सोळा आणे म्हणजे पुरे पीक; मग यंदाचे पीक किती आणे आले, याचा अंदाज सरकारी अधिकाऱ्याने करायचा. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले, पैसे आले. म्हणून पुढे 'पैसेवारी' म्हणू लागले. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली म्हणजे टंचाईच्या सवलती, अशी रेषा महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत होती. अंदाज कसा होई? पुष्कळदा नजरेने. अधिकारी शिवारातून फेरी मारी, चार शेते पाही, दोघातिघांना विचारी आणि आकडा लिही. हा आकडा कागदावर एका ओळीचा. पण त्यावर साऱ्या गावाचा शेतसारा अवलंबून असे.

१९१८ सालचा खेडा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. त्याच्या मुळाशी काय होते? हाच आकडा. खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. सरकारी आकडा म्हणे, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत, चार आण्यांच्या आत आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाची माणसे चौकशीला गेली. गांधीजींनी स्वतः आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव माहिती घेतली. तरी सरकार मानेना. अखेर मार्च महिन्यात नडियादला सत्याग्रह सुरू झाला. गुरे जप्त झाली, उभी पिके जप्त झाली. आता असे पाहा, भांडण जमिनीच्या मालकीचे नव्हते, सारा द्यावा की न द्यावा या तत्त्वाचेही नव्हते. भांडण एका अंदाजाचे होते. ज्याला सारा वसूल करायचा त्याच्याच हाती पिकाचा अंदाज होता, आणि तो अंदाज कसा केला हे तपासण्याची कोणतीही सर्वमान्य रीत नव्हती.

कोणी म्हणेल, अधिकारी प्रामाणिक असता म्हणजे झाले असते. तेवढ्याने भागत नाही. आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. पण ही परीक्षा खरी केव्हा ठरते? पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तेव्हा. शेत तसे नसते. विहिरीजवळचा तुकडा निराळा, माळाकडचा निराळा. रस्त्याकडेचे पीक गुरांनी खाल्लेले, मधले राखलेले. पाहणारा माणूस कुठून पाहतो, कोणत्या शेतात शिरतो, यावरच त्याचा अंदाज ठरतो. त्याच्या मनात खोट नसली तरी पाय आपोआप सोयीच्या वाटेला वळतात.

यावर तोड म्हणून एक कल्पना निघाली, आणि ती वरकरणी चमत्कारिक वाटेल अशी होती. कोणते शीत चाचपायचे हे माणसाने ठरवूच नये, चिठ्ठीने ठरवावे. गावांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात; जे गाव निघेल ते घ्यावे. गावातल्या सर्व्हे नंबरांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. जो नंबर निघेल त्या शेतात जावे. शेताच्या कोपऱ्यापासून किती पावले लांबीला आणि किती रुंदीला चालायचे, हेही चिठ्ठीनेच काढावे. पाऊल जिथे थांबेल तिथे, मग ती जागा मुरमाड असो की गाळाची, ठरलेल्या मापाचा तुकडा आखावा, त्यातले पीक कापावे, मळावे, वाळवावे आणि तोलावे. असे पुष्कळ तुकडे झाले म्हणजे त्यांच्या सरासरीवरून जिल्ह्याचे पीक सांगता येते, आणि तो अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकेल हेही गणिताने सांगता येते. आज सरकारी भाषेत याला 'पीक कापणी प्रयोग' म्हणतात. जागेची चिठ्ठी आता छापील आकड्यांच्या कोष्टकातून किंवा मोबाइलमधून निघते, एवढाच फरक.

या मार्गाने आपल्याकडे आधी गेलेल्यांपैकी एक म्हणजे जॉन हबॅक नावाचे सनदी अधिकारी. बिहार-ओरिसा प्रांतात १९२३ ते १९२५ च्या सुमारास त्यांनी एक लहानशी त्रिकोणी चौकट घेऊन भाताच्या शेतांतून नमुने कापवले. पुढे कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर उचलले. महालनोबिस प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. १९३१ साली त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९३७ पासून त्यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या, आणि आधी थोड्या भागात करून पाहून मग त्या साऱ्या प्रांतात नेल्या.

त्यांची एक युक्ती शिक्षकांनी जरूर ध्यानात घ्यावी. ते एकाच मुलखातून दोन वेगवेगळे नमुने काढीत आणि दोन वेगळ्या तुकड्यांना पाठवीत. एकीचा आकडा दुसरीला ठाऊक नसे. दोन्ही आकडे जवळपास आले तर ठीक; फार फरक पडला तर मोजणाऱ्यांत कुठेतरी घोळ आहे हे कार्यालयात बसून कळे. म्हणजे पिकाबरोबर मोजणाऱ्याचीही मोजणी झाली.

मग १९४३ साल उजाडले. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून आणि त्यामागून आलेल्या रोगांनी मेली. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती. युद्ध होते, महागाई होती, साठेबाजी होती, सरकारची बेपर्वाई होती. परंतु प्रांतात धान्य नेमके किती आहे, हे विश्वासाने सांगणारा आकडा कोणापाशी नव्हता, हेही तेवढेच खरे. ज्या देशाला आपल्या कोठारात किती आहे हेच ठाऊक नाही, त्याने वाटप कशाच्या जोरावर करावे? त्यानंतर पिकांच्या नमुना पाहण्यांना देशभर वेग आला.

या कामात एक मराठी नाव पुढे आले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचा यांचा जन्म, साल १९११. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्राची उच्च पदवी घेतली, आणि १९४० पासून दिल्लीला शेतकी संशोधनाच्या केंद्रीय परिषदेत काम करू लागले. त्यांच्याबरोबरीने विनायक गोविंद पानसे यांचे नाव घ्यावे लागेल. इंदूरला कापसाच्या संशोधनात ते मुरलेले होते. त्यांनी आणि कळमकर यांनी १९४० च्या दशकात मध्यप्रांत-वऱ्हाडात कापसाच्या उत्पन्नाच्या पाहण्या याच नव्या रीतीने केल्या. पानसे आणि सुखात्मे या जोडीने शेतकी संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ साली निघाले, आणि शेतकी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नमुन्याचा तुकडा केवढा असावा? महालनोबिस लहान वर्तुळे कापीत. लहान तुकडा लवकर कापून होतो, खर्च कमी येतो, म्हणून तेवढ्याच पैशात अधिक जागी जाता येते. हिशेब बरोबर दिसतो. सुखात्मे यांना शंका आली. त्यांनी उत्तर प्रदेशात, मुरादाबाद जिल्ह्यात, गव्हाच्या पिकावर ताडून पाहिले. सुमारे ४७१ चौरस फुटांचा मोठा त्रिकोण आणि दोन फूट त्रिज्येचे लहान वर्तुळ, अशा निरनिराळ्या मापांनी पीक कापून एकरी उतारा काढला. दोन्हींत फार फरक पडायला नको होता. परंतु लहान वर्तुळाचा आकडा मोठ्या त्रिकोणापेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक भरला! त्यांनी हे १९४६ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात छापले.

हे कसे झाले? कोणी लबाडी केली होती का? मुळीच नाही. वर्तुळाच्या रेषेवर एखादे गव्हाचे रोप उभे आहे. ते आत धरायचे की बाहेर? मुळे बाहेर आहेत, पण लोंबी आत झुकली आहे. कापणाऱ्याचा हात पुढे होतो आणि ते रोप आत येते. माणसाचा हा स्वभावच आहे. भरल्या ओंब्या टाकवत नाहीत. मोठ्या तुकड्यात अशी रोपे थोडी असतात, लहान तुकड्यात पुष्कळ. गणिताच्या शिक्षकांनी हे फळ्यावर मांडून पाहावे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि परीघही सुमारे साडेबारा फूट. म्हणजे एका चौरस फुटामागे एक फूट कड! आज बऱ्याच राज्यांत पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन घेतात. पीक आणि राज्य पाहून हे माप बदलते. त्या चौकोनात चार चौरस फुटांमागे जेमतेम एक फूट कड येते. कड कमी, म्हणून कडेची चूक कमी.

महालनोबिस यांनी हे सहजासहजी मान्य केले नाही. त्यांचे म्हणणे असे की, हा दोष वर्तुळाचा नाही, कापणाऱ्याच्या शिक्षणाचा आहे; खास शिकवलेली माणसे नेमा, लहान तुकडाही खरा आकडा देईल. सुखात्मे आणि पानसे यांचे म्हणणे असे की, गावोगाव खास माणसे कोठून आणणार? काम महसूल आणि शेती खात्याच्या नेहमीच्या माणसांकडूनच व्हायचे. तेव्हा त्यांच्या हातून चूक होणारच नाही असे माप द्या. दोघेही थोर, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य. हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि त्यातून आपल्याकडची पाहणीची विद्या जगात नावाजली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सुखात्मे १९५१ पासून सुमारे वीस वर्षे संख्याशास्त्राचे प्रमुख होते. महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, हा २००७ पासून देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

या वादातून जो धडा मिळतो तो नीट समजून घेऊ. एखादी चूक कधी इकडे, कधी तिकडे होत असेल, तर पुष्कळ नमुने घेतल्यावर ती एकमेकींत जिरून जाते. पण चूक नेहमी एकाच बाजूला होत असेल तर? शंभर वर्तुळे कापा, हजार कापा, लाख कापा. उतारा जास्तच दिसणार. उलट आकडे जितके जास्त, तितका आपला चुकीवरचा विश्वास पक्का. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आजच्या डेटा सायन्सला कोट्यवधी नोंदी मिळतात, म्हणून तिथे हा धोका कमी झाला आहे असे कोणी समजू नये. नोंदी वाढल्याने तो लपतो मात्र अधिक चांगला.

यंत्रांची मदत या कामी फार पूर्वीपासून आली. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी भोके पाडलेली कार्डे मोजून वर्षांचे काम झपाट्याने उरकले. आपल्याकडे कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडहून संगणक आला. तो देशातल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी एक. आता तर उपग्रह आकाशातून पिकाचा हिरवेपणा टिपतात. दुष्काळ ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली जी संहिता केली, तिच्यात पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहाचे निर्देशांक अशा गोष्टी धरल्या आहेत. पण उपग्रहाच्या चित्रावरून एकरी उतारा सांगायचा तर ते चित्र कोणत्या तरी खऱ्याखुऱ्या शेतातल्या कापणीशी ताडून पाहावे लागते. म्हणजे फिरून आपण त्याच बांधावर आलो.

आणि तिथे आजही शेतकऱ्याचे नशीब तोलले जाते. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पन्नाची घट ठरवताना मंडळातल्या थोड्या पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतात. त्या तुकड्यांत कडेची रोपे आत ओढली गेली, तर कागदावर उत्पन्न वाढते आणि साऱ्या मंडळाची भरपाई कमी होते. ज्याच्या शेतात काहीच आले नाही, त्यालाही त्याची झळ लागते. कापणीच्या वेळी शेतकऱ्यांनी हजर राहावे, माप स्वतः पाहावे, हे म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते.

शेतातला आकडा जपावा लागतो, तसा दप्तरातला आकडा वाचता यावा लागतो. हॅरल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक काढले. त्यात त्यांनी जुनी कागदपत्रे आणि नवी मोजणी शेजारी शेजारी ठेवली. १७७१ साली तिथे एका खातेदाराकडे सरासरी चाळीस एकर जमीन होती. १९१४-१५ साली ती सात एकरांवर आली होती. शेतकरी आळशी म्हणून गरीब, असे म्हणणाऱ्यांना या दोन आकड्यांनी परस्पर उत्तर दिले. कुळकर्ण्याने कोण्या एके काळी लिहून ठेवलेली ओळ दीडशे वर्षांनी अशी साक्षीला आली. आज त्याच पिंपळे सौदागरात उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहणारी कितीतरी तरुण मंडळी हिंजवडीच्या कचेऱ्यांत संगणकावर हाच आकड्यांचा पेशा करतात.

तर मग आपल्या मुलांना काय सांगावे? या पेशाला गणित लागते, त्यातही संभाव्यता आणि संख्याशास्त्र. पायथन, आर, एसक्यूएल अशा संगणकाच्या भाषा लागतात. त्या मराठी माध्यमातल्या मुलांना सरावाने येतात. इंग्रजी वाचता यावे लागते. बारावीनंतर संख्याशास्त्राची पदवी घेता येते. कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत प्रवेश परीक्षेने जाता येते. मद्रासच्या आय.आय.टी.ने घरी राहून शिकता येईल असा डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम काढला आहे. संख्याशास्त्र विषय घेऊन पदवी झाल्यावर भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा आहे. महाराष्ट्र शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. मुंबईला देवनार येथे लोकसंख्येच्या अभ्यासाची संस्था आहे. खासगी नोकऱ्या तर आहेतच. मात्र तीन महिन्यांत तज्ज्ञ करतो म्हणून भरमसाट फी घेणाऱ्या वर्गांच्या जाहिराती पाहून कोणी जमीन गहाण टाकू नये. ही विद्या सावकाश मुरते.

आणि खेड्यातल्या मुलापाशी एक भांडवल असे आहे, जे शहरी मुलाला विकत मिळत नाही. समजा, संगणकावर पावसाचा तक्ता आला आणि एका दिवसापुढे शून्य आहे. शहरातला मुलगा म्हणेल, पाऊस पडला नाही. आपला मुलगा विचारील, पाऊस पडला नाही, की त्या दिवशी पर्जन्यमापक कोणी पाहिलाच नाही? सातबाऱ्यावर कापूस लिहिला आहे. पण यंदाची पीक पाहणी झाली, की गेल्या वर्षीचेच नाव पुढे आले? हा प्रश्न विचारता येणे म्हणजे निम्मा पेशा येणे. बाकीचा निम्मा कॉलेजात शिकता येतो.

शेवटी शिक्षक बंधू-भगिनींसाठी एक प्रयोग सुचवतो. खर्च काहीच नाही. शाळेच्या व्हरांड्यात पाच फूट बाय पाच फुटांचा चौकोन आखा. म्हणजे ३६०० चौरस इंच. मोजून ३६०० हरभरे त्यात जमेल तितके सारखे पसरा. एका चौरस इंचाला सरासरी एक हरभरा, हे खरे उत्तर. ते मुलांना सांगू नका. मग चिठ्ठीने जागा काढून एका गटाला बांगडी ठेवून आतले हरभरे मोजायला सांगा, आणि दुसऱ्याला सायकलच्या चाकाची रिंग ठेवून. कडेखाली आलेल्या हरभऱ्याचे काय करायचे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. प्रत्येक गटाने चार-सहा वेळा मोजावे, चौरस इंचाला किती हे काढावे, आणि फळ्यावर आकड्यापुढे मोजणाऱ्याचे नावही लिहावे. बांगडीवाल्यांचा आकडा बहुधा जास्त येईल. मग विचारा, का बरे?

त्या वर्गात वाद होईल, आवाज चढतील, कोणी पुन्हा मोजायला धावेल. तो वाद होऊ द्यावा. सुखात्मे आणि महालनोबिस यांचा वाद यापेक्षा फार निराळा नव्हता, आणि आकड्यांच्या पेशाला लागणारी सवय अशा वादातूनच लागते.